एक समाज, दोन सूची

मनुष्यास त्याचे नाव विचारले असता तो ते तत्काळ सांगतो. गाव विचारले, तर तेही सांगतो. 'आपण कोणत्या समाजाचे?' या प्रश्नाचे उत्तरही त्याच्या ओठांवरच असते. परंतु ते उत्तर सांगणे जितके सोपे, तितके ते दुसऱ्याकडून मान्य करून घेणे सोपे नसते. घरी आजी जे सांगते ते शाळेच्या दाखल्यात उतरलेले असेलच असे नाही. दाखल्यात जे उतरले ते सरकारी सूचीत सापडेलच असे नाही. आणि एका राज्याच्या सूचीत जे सापडते ते शेजारच्या राज्याच्या सूचीत असेल, याचीही शाश्वती नाही. आमच्या जोयडा तालुक्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. येथे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकच समाज राहतो. पण पश्चिमेच्या उतारावर त्याची गणना अनुसूचित जमातींत होते, आणि पूर्वेच्या उतारावर होत नाही. असे का व्हावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

जोयडा आणि तेथील माणसे

जोयडा तालुका पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जात असे. काळी नदीवर धरण झाले, त्याच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तालुक्याच्या पश्चिमेस गोवा आहे, उत्तरेस बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आहे, आणि मध्ये सह्याद्रीचे घनदाट अरण्य पसरले आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्रास मिळते. ज्या अरण्यातून ती वाहते, त्याच्या मोठ्या भागास २००७ साली दांडेली-अनशी व्याघ्रप्रकल्प म्हणून मान्यता मिळाली. २०१५ साली त्यास काळी व्याघ्रप्रकल्प हे नाव देण्यात आले.

या अरण्याच्या आश्रयाने अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांत कुणबी आहेत, सिद्दी आहेत, गवळी-धनगर आहेत. घाटाखाली अंकोला-कुमठ्याकडे हालक्की वक्कल आहेत. कुणबी मंडळी घरी कोंकणी बोलतात, मराठी समजतात आणि बाजारात व कचेरीत कानडी वापरतात. आपले पूर्वज गोव्याकडून घाट चढून आले, असे त्यांच्यातील वृद्ध सांगतात. मुडली, कोन, कणगी अशा नाना प्रकारच्या कंदमुळांची जोपासना ही त्यांची विशेष विद्या होय. जोयड्यात भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळाव्यामुळे ती आता दूरवर ठाऊक झाली आहे. वेळीप, गावडा ही नावे सीमेच्या दोन्ही बाजूंस ऐकू येतात. सोयरीक गोव्यात होते, शिगमा दोन्हीकडे खेळला जातो. थोडक्यात सांगायचे तर, राज्यांची सीमा या समाजाच्या मधून जाते. हा समाज सीमेमुळे निर्माण झालेला नाही.

ही सीमा जुनी आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. आपला कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. दोन राज्यसत्तांनी दोन प्रकारची दप्तरे ठेवली. लोक तेच होते, पण त्यांच्याविषयी लिहिणारे कारकून निराळे होते.

सूची कोण करते?

भारतीय राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदात अनुसूचित जमातींची व्यवस्था सांगितली आहे. कोणती जमात कोणत्या राज्यापुरती अनुसूचित समजावी, हे राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून अधिसूचनेने ठरवितात. एकदा अशी अधिसूचना निघाली की तिच्यात नाव घालण्याचा अथवा तिच्यातून नाव काढण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे. जिल्हाधिकाऱ्यास तो नाही, राज्य शासनास नाही, न्यायालयासही नाही. पहिली सूची १९५० साली प्रसिद्ध झाली.

यातील 'राज्यापुरती' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. जमातीची मान्यता साऱ्या देशासाठी एकच नसते. ती राज्याराज्यांपुरती, कधी कधी एखाद्या जिल्ह्यापुरतीच असते. आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की एका राज्यातील मान्यता घेऊन मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला, तर ती मान्यता त्याच्याबरोबर प्रवास करीत नाही. गोव्यातील कुणबी घरातील मुलगी लग्न होऊन जोयड्यास आली, तर तिची भाषा, तिची गाणी, तिचे कुलाचार तिच्यासमवेत घाट चढून येतात. मात्र तिचा जमातीचा दाखला कर्नाटकाच्या सवलतींसाठी उपयोगी पडत नाही.

नवे नाव सूचीत घालण्याचा मार्ग लांबचा आहे. १९९९ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे प्रथम राज्य शासनाने शिफारस करावी लागते. ती भारताच्या महानिबंधकांकडे, म्हणजे जनगणनेच्या प्रमुखांकडे जाते. त्यांची संमती मिळाली तर प्रस्ताव राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे जातो. तेथून केंद्रीय मंत्रिमंडळ, नंतर संसदेची दोन्ही सभागृहे, आणि शेवटी राष्ट्रपतींची स्वाक्षरी. महानिबंधक असहमत झाले तर प्रस्ताव राज्याकडे परत येतो आणि अधिक पुराव्याची मागणी होते. अरण्यातील एका वाडीने 'आम्ही कोण' हे सांगितल्यापासून ते दिल्लीने मान्य करीपर्यंत एक पिढी सहज उलटून जाते.

एकच कायदा, दोन निराळी फळे

सन २००३ च्या जानेवारीत संसदेचा एक कायदा अमलात आला. त्याने अनेक राज्यांच्या सूचींत फेरफार केले. आमच्या दृष्टीने त्यांतील दोन नोंदी फार महत्त्वाच्या आहेत.

पहिली नोंद सिद्दी समाजाची. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले; त्यांपैकी पुष्कळांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले, आणि तेथून निसटून ते या अरण्यात येऊन राहिले. हल्याळ, यल्लापूर, अंकोला आणि जोयडा या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे. कोणी हिंदू आहेत, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरची भाषा बहुधा कोंकणी. गुजरातच्या सौराष्ट्रातील सिद्दी जमातींच्या सूचीत फार पूर्वीपासून होते. उत्तर कन्नडातील सिद्दींना ते स्थान २००३ साली मिळाले. कर्नाटकाच्या सूचीत ५० नोंदी आहेत, आणि त्यांतील पन्नासावी नोंद सिद्दींची आहे. प्रथम ती केवळ उत्तर कन्नड जिल्ह्यापुरती होती. २०२० साली बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही तिचा लाभ मिळाला. म्हणजे मधल्या सतरा वर्षांत हल्याळचा सिद्दी जमातीचा होता, पण शीव ओलांडून धारवाड जिल्ह्यात राहणारा त्याचा भाऊबंद नव्हता! २०२० सालीच शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधानपरिषदेवर नियुक्त झाले.

दुसरी नोंद गोव्याची. १९६८ साली गोवा, दमण व दीव या प्रदेशासाठी जी सूची झाली, तीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली अशी पाच नावे होती. त्यांपैकी बहुतेक जमाती दमणकडच्या. गोव्याच्या डोंगरांतील मूळचे शेतकरी असलेले गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावे तीत नव्हती. ती २००३ च्या त्याच कायद्याने आली. परिणाम किती मोठा झाला, ते जनगणनेचे आकडे सांगतात. २००१ च्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या अवघी ५६६ होती. २०११ च्या जनगणनेत ती १,४९,२७५ झाली. दहा वर्षांत कोणी दीड लाख माणसे बाहेरून आणून वसविली नव्हती. जी माणसे आधीपासून तेथेच भात पेरीत होती, ती प्रथमच मोजली गेली, एवढेच.

मान्यता मिळाली म्हणजे सर्व काही मिळाले, असे मात्र नव्हे. सूचीत आल्यावर हक्कांच्या अंमलबजावणीसाठी गोव्यातील या समाजांना पुन्हा झगडावे लागले. २५ मे २०११ रोजी बाळ्ळी येथील आंदोलनात दोन तरुण प्राणास मुकले. गोव्याच्या ४० जागांच्या विधानसभेत या लोकसंख्येसाठी एकही जागा राखीव नव्हती. तशी तरतूद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. नाव सूचीत येण्यापासून येथवर पोहोचण्यास बावीस वर्षे लागली.

आणि जोयड्याचे कुणबी? त्यांचे नाव त्या कायद्यात नव्हते. आपला समावेश व्हावा अशी मागणी ते वर्षानुवर्षे करीत आहेत. निवेदने झाली, मोर्चे झाले. कर्नाटकाच्या पन्नास नोंदींत 'कुणबी' हे नाव अद्याप आलेले नाही. हालक्की समाजाचीही हीच कथा आहे. त्या समाजातील गायिका सुक्री बोम्मागौडा यांना २०१७ साली, आणि वृक्षसंवर्धनाचे अपूर्व कार्य करणाऱ्या तुळसी गौडा यांना २०२० सालच्या सन्मानयादीत पद्मश्री मिळाली. आज त्या दोघीही हयात नाहीत. राष्ट्राने या समाजातील व्यक्तींचा गौरव केला. परंतु त्यांचा समाज सूचीबाहेरच राहिला.

सूचीबाहेर राहिल्याने काय होते?

कोणी म्हणेल की नावात काय आहे? घरी भाकरी तीच, रानातील कंद तेच. परंतु सूचीतील एका शब्दावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे एका उदाहरणाने दाखवू.

सन २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या अरण्यात राहणाऱ्या लोकांचा ज्या जमिनीवर वहिवाटीने हक्क आहे, तो कागदोपत्री मान्य करावा, हा त्याचा हेतू. हा कायदा अर्जदारांचे दोन वर्ग करतो. अर्जदार अनुसूचित जमातीचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन त्याच्या वहिवाटीत होती, एवढे दाखविणे पुरते. तो सूचीबाहेरचा असेल, तर त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे आपले कुटुंब तेथील अरण्यावर अवलंबून राहत होते, हे त्यास सिद्ध करावे लागते. ७५ वर्षे मागे जाणे म्हणजे १९३० साल गाठणे होय. १९३० साली सुप्याच्या जंगलात राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या, कुमरीवर नाचणी पिकविणाऱ्या कुटुंबाकडे कोणता कागद असणार? आणि असलाच, तर तो किती पावसाळे टिकणार?

यामुळे असे घडते की एकाच ओढ्याचे पाणी पिणारे दोन शेजारी, एक सिद्दी व एक कुणबी, एकाच कचेरीत एकाच प्रकारचा अर्ज घेऊन जातात आणि त्यांस निरनिराळ्या पुराव्यांची मागणी होते. यात सिद्दी समाजाचा काडीमात्र दोष नाही. त्याला जे मिळाले ते त्याच्या न्याय्य हक्काचे आहे. प्रश्न इतकाच की, ज्या कसोटीवर एक उतरला, त्या कसोटीवर दुसऱ्याची परीक्षा पूर्ण का होऊ नये? वनहक्कांप्रमाणेच शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, निवासी शाळा, नोकऱ्या आणि विधानसभेतील जागा याही गोष्टी सूचीशी बांधलेल्या आहेत. आमच्या वर्गातील मुलांच्या पुढील शिक्षणाचा मार्ग त्यातून जातो.

एक नाव, अनेक माणसे

तथापि, या प्रश्नाची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. 'कुणबी' हा शब्द आपल्या भाषेत एकाच समाजाचा वाचक नाही. महाराष्ट्रात कुणबी म्हणजे शेती करणारा फार मोठा वर्ग. तेथे त्याची गणना इतर मागासवर्गांत होते, जमातीत नव्हे. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदींवरून २०२३ पासून जो वाद गाजत आहे, तो याच नावाचा. उलट गुजरातच्या डांग जिल्ह्यातील कुणबी अनुसूचित जमातींत आहेत, आणि गोव्यातील कुणबीही आहेत. नाव एक, पण समाज निरनिराळे आणि सूचीतील स्थानही निराळे. दूरच्या कचेरीत बसून नुसते नाव वाचणाऱ्याचा गोंधळ उडावा, असाच हा प्रकार आहे.

आमच्याच राज्याच्या सूचीत याहूनही नवलाची उदाहरणे आहेत. मराठीची एक बोली बोलणारा 'मराटी' नावाचा समाज दक्षिण कन्नड जिल्ह्यात राहतो, आणि तो कर्नाटकाच्या सूचीत आहे. शेजारच्या केरळातील कासरगोड भागातही हाच समाज राहतो. २००३ च्या कायद्याने तेथील सूचीतून त्याचे नाव वगळले गेले, आणि काही वर्षांनी ते पुन्हा घालण्यात आले. वगळले त्या दिवशी त्या लोकांच्या घरातील भाषा बदलली नाही, आणि पुन्हा घेतले त्या दिवशीही बदलली नाही. कायद्याने नोंद बदलली. समाज होता तोच राहिला.

कधी कधी सारा वाद एका अक्षरावर येऊन थांबतो. महाराष्ट्राच्या सूचीत 'ओरांव' या नोंदीबरोबर 'धनगड' असा शब्द आहे. हा शब्द वस्तुतः 'धनगर' असाच आहे आणि लेखनभेदाने त्याचा 'धनगड' झाला, असे धनगर समाजाच्या अनेक संघटनांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मान्य केले नाही. 'र' आणि 'ड' यांच्यातील अंतर कागदावर केवढे, आणि जीवनात केवढे!

कसोटी कठोर का असावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००० साली विदर्भातील हलबा-कोष्टी यांच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. सूचीतील नोंद जशी आहे तशीच वाचावी. अमुक समाज हा तमुक जमातीचाच भाग आहे, असा पुरावा घेऊन तिचा विस्तार कोणी करू नये. बदल करावयाचा असेल तर तो संसदेने करावा, असा त्याचा आशय. वरवर पाहता हा निर्णय कठोर वाटतो. परंतु तो नसता, तर बलवान समाजांनी दुर्बलांच्या नावाखाली शिरकाव करून त्यांच्या वाट्याचे घास घेतले असते. खोट्या दाखल्यांचा अनुभव महाराष्ट्राने पुष्कळ घेतला आहे. म्हणूनच १९९४ च्या निकालानंतर दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समित्यांची पद्धत देशभर रूढ झाली. दार उघडे टाकले तर प्रथम आत येतो तो धडधाकट मनुष्य, लंगडा नव्हे; हे विसरून चालणार नाही.

तेव्हा कसोटी हवी. परंतु ती कोणती? १९६५ साली लोकूर समितीने पाच लक्षणे सांगितली: आदिम राहणीच्या खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, परक्यांशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. आजही प्रस्तावांची छाननी मुख्यतः यांवरच होते. विचार करता यांत एक विसंगती दिसून येते. रस्ता झाला, शाळा आली, मुले शिकली, मुली शहरात परिचारिका झाल्या, की एकाकीपणा आणि संकोच ओसरू लागतात. मग ज्या समाजाने स्वतःच्या कष्टाने दोन पावले पुढे टाकली, त्याने आपली ओळख गमावली असे समजावयाचे काय? संकोच सोडल्याने कोणी आपल्या आजीचा नातू राहत नाही, असे थोडेच आहे! सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली असे सांगितले आहे की, चालीरीती जुळतात की नाही ही परीक्षा प्रत्येक वेळी निर्णायक मानता येणार नाही. कारण काळाबरोबर समाज बदलतो. हा विचार व्यक्तीच्या दाखल्यासंबंधी सांगितलेला असला, तरी त्यातील शहाणपण सर्वांनी घेण्याजोगे आहे.

युरोपातील एक उदाहरण

असा प्रश्न आमच्याच वाट्यास आला आहे, असे कोणी समजू नये. युरोपच्या दक्षिणेस मॅसिडोनिया नावाचा प्राचीन प्रदेश आहे. आज त्याचा एक भाग ग्रीस देशात, एक बल्गेरियात आणि एक स्वतंत्र राष्ट्र म्हणून नांदत आहे. हे राष्ट्र पूर्वी युगोस्लाव्हियाचे एक घटक होते. १९९१ साली ते स्वतंत्र झाले. तेथील बहुसंख्य लोक स्वतःस मॅसिडोनियन म्हणवितात आणि आपल्या भाषेसही तेच नाव देतात.

ग्रीसने त्या नावास हरकत घेतली. मॅसिडोनिया हा आमच्या देशातील प्रांत आहे, अलेक्झांडरचा वारसा आमचा आहे, असे ग्रीसचे म्हणणे. परिणामी १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात त्या देशास प्रवेश मिळाला तो 'भूतपूर्व युगोस्लाव्ह मॅसिडोनिया प्रजासत्ताक' अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने. पुढे पाव शतकाने, जून २०१८ मध्ये, दोन्ही देशांत करार झाला. देशाचे नाव 'उत्तर मॅसिडोनिया' असावे, मात्र भाषेचे नाव मॅसिडोनियनच राहावे, असे ठरले. २५ जानेवारी २०१९ रोजी ग्रीसच्या संसदेने तो करार ३०० पैकी १५३ मतांनी मंजूर केला. शेजारच्या देशाने स्वतःस काय म्हणवून घ्यावे, याचा निर्णय परक्या सभागृहात अवघ्या काही मतांच्या आधिक्याने झाला!

बल्गेरियाची हरकत निराळी. १९९२ साली या राष्ट्राचे स्वातंत्र्य प्रथम मान्य करणारा देश तोच. पण ही भाषा स्वतंत्र नसून बल्गेरियनचेच रूप आहे, आणि या लोकांचा इतिहासही आमच्यापासून निराळा नाही, असे तो म्हणतो. २०२० साली त्याने उत्तर मॅसिडोनियाच्या युरोपीय संघातील प्रवेशाच्या वाटाघाटी रोखून धरल्या. जून २०२२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने अटींवर ती आडकाठी काढली. त्यांतील एक अट अशी की उत्तर मॅसिडोनियाने आपल्या राज्यघटनेत तेथील बल्गेरियन लोकांचा उल्लेख करावा. म्हणजे ज्यांस स्वतःची मान्यता हवी, त्यांच्याकडून आणखी एका लहान गटाच्या मान्यतेची मागणी झाली. आपली ओळख दुसऱ्याने मान्य करावी असे ज्यास वाटते, त्याने आपल्यातील लहानांची ओळखही मान्य केली पाहिजे, हा धडा मात्र यातून कोणासही घेता येईल. जोयड्यात कुणबी आपले म्हणणे मांडतील, तेव्हा गवळी-धनगरांचे म्हणणेही त्यांनी कान देऊन ऐकावे.

जोयड्याचा प्रश्न मॅसिडोनियासारखा राष्ट्रांचा नाही. तो एकाच देशातील, एकाच राज्यघटनेखालील आहे. परंतु दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी लोक स्वतःस काय म्हणतात हे एक, आणि दूरच्या सभागृहात त्यांच्याविषयी काय मतदान होते हे दुसरे. ग्रीसच्या संसदेत मत पडण्यापूर्वीही स्कोप्ये शहरातील आई आपल्या मुलाशी त्याच भाषेत बोलत होती, आणि मत पडल्यावरही त्याच भाषेत बोलत राहिली.

दोन प्रश्न वेगळे ठेवावेत

या सर्व विवेचनातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. 'आपण कोण आहोत?' आणि 'आपणांस कोणत्या सूचीत स्थान आहे?' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर समाज आपल्या जगण्याने देतो. दुसऱ्याचे उत्तर संसद देते, आणि ते पुराव्याने द्यावे लागते. सूचीत नाव नाही म्हणून ज्याने आपली भाषा व गाणी कमी प्रतीची मानली, त्याने पहिला प्रश्न सोडून दिला. आणि आपण कोण हे आपणांस ठाऊक आहे, तेवढे पुरे, असे म्हणून जो स्वस्थ बसला, त्याने दुसरा सोडला. दोन्ही चुकीचेच.

विद्यार्थी-मित्रहो, या दुसऱ्या प्रश्नात तुम्हांस करता येण्याजोगे काम आहे, आणि ते कायद्यानेच दाखवून दिले आहे. वनहक्क कायद्याखाली २००८ साली जे नियम झाले, त्यांत कोणता पुरावा ग्राह्य धरावा हे सांगितले आहे. सरकारी कागदांबरोबरच त्यात गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन आहे, कुटुंबाची वंशावळ आहे. जुनी घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांच्या खुणा आहेत. दाव्याचा आरंभही ग्रामसभेतच होतो. यांतील प्रत्येक गोष्ट लिहिणारा हात हवा. आणि आजवर जो हात अरण्यातील वाडीत नव्हता, तो आता तुमच्या रूपाने तेथे आला आहे.

तेव्हा सुटीत घरी जाल त्या वेळी एक वही बरोबर न्यावी. आजोबांचे वडील कोठून आले, कोणत्या ओढ्याकाठी पहिले घर होते, धरणाच्या पाण्याखाली कोणते शेत गेले, मांडावर कोणती गाणी म्हणत, कोणता कंद कोणत्या महिन्यात खणीत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि लिहिल्याची तारीख घालावी. जे ठाऊक नाही ते कल्पनेने भरू नये. कारण एक खोटी ओळ शंभर खऱ्या ओळींचा विश्वास घालविते. कुणबी मुलाने कुणब्यांचे लिहावे, सिद्दी मुलीने सिद्दींचे, गवळ्याच्या मुलाने गवळ्यांचे. आणि मग एकमेकांच्या वह्या वाचाव्यात.

संसद हा पुरावा कधी पाहील, आणि पाहून काय ठरवील, हे आपल्या हाती नाही. वही मात्र आपल्या हाती आहे. १९३० च्या आठवणी ज्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकल्या, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांचे बोलणे कागदावर यावे, ही आमची विनंती आहे.